रीलमध्ये अडीच मिनिटं, तोंडी परीक्षेत अडीच शब्द

खडूफळा | रविवार, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी. मजकूर लांबला आहे, आधीच सांगते.

मी माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. मागच्या आठवड्यात आठवीच्या तोंडी परीक्षा झाल्या. त्यात एक मुलगा आला, त्याचं स्वतःचं चॅनेल आहे. गेमिंगवर बोलतो. त्याचे दोन-तीन व्हिडिओ मी पाहिलेत, वर्गातल्या मुलींनीच दाखवले. काय सुसाट बोलतो! आवाजातले चढउतार, हातवारे, नेमकं कुठे थांबायचं, सगळं पक्कं. म्हटलं, चला, आज कान तृप्त होणार. पाठात एक म्हातारा सापडलेलं पाकीट परत करतो असा प्रसंग आहे. मी विचारलं, "का परत केलं असेल त्याने?" उत्तर आलं, "प्रामाणिक होता." मी म्हटलं, "बरं, पण घरात एवढी चणचण असताना?" संपलं. माझ्याकडे न बघता पोरगा टेबलाचा सुटलेला सनमायका नखाने उचकटत बसला. शेवटी हळूच म्हणाला, "मिस, लिहून दिलं तर चालेल का?"

स्टाफरूममध्ये निकाल लगेच लागला: मोबाईलने वाटोळं केलं. मला तो पटत नाही, कारण त्याच मोबाईलवर तो अडीच मिनिटं न अडखळता बोलतो. मग माझ्यासमोर त्याची जीभ कुठे जाते?

मला वाटतं ते असं. तो बोलतो, पण कॅमेऱ्याशी. कॅमेऱ्याला भुवया नसतात. तो मधेच "म्हणजे काय?" असं विचारत नाही. वाक्य फसलं तर पुसून परत घ्यायचं. सहाव्या खेपेला जमलेलं तेवढं लोकांना दिसतं. गप्पांमध्ये ही सोय नाही. समोरच्याचं वाक्य संपतं आणि पुढच्याच क्षणी आपली पाळी येते. त्या क्षणाचा सराव या मुलांना नाही. बोलण्याचा आहे, भरपूर आहे. दुसऱ्याचं बोलणं झेलण्याचा नाही.

लिखाणातही हेच डोकावतं. शुद्धलेखनाचं रडगाणं मी गाणार नाही, ते माझ्या बाईंनी माझ्याबद्दलही गायलं होतं. वेगळंच काहीतरी खटकतं. निबंध सुरू होतो तो थेट मधूनच: "मग ती नको म्हणाली आणि तो चिडला." कोण ती? कुठला तो? ग्रुपवर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, अर्ध्या वाक्यात भागतं. ज्याला काहीच माहीत नाही अशा वाचकाला बोट धरून आत आणायचं असतं, हे सुचतच नाही. असा निबंध वाचताना मला दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये चुकून शिरल्यासारखं होतं.

आणि अभ्यास. "मिस, मला कळलंय, मी व्हिडिओ बघितलाय." मग खडू हातात देऊन फळ्यावर बोलावलं की "आत्ता आठवत नाहीये." खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच कळल्यासारखं वाटलेलं असतं. शिकागो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांचं २०१८ सालचं काम याच गमतीवर आहे. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड झटक्यात ओढायचं, मूनवॉक करायचा, डार्ट नेमका मारायचा, अशा करामतींचे व्हिडिओ लोकांना दाखवले. काहींना एकदाच, काहींना वीस-वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना "आता मला जमेल" असं जास्त वाटलं. प्रत्यक्ष करायला लावलं, तर एकदाच बघणाऱ्यांपेक्षा ते काडीचेही सरस निघाले नाहीत. माझा वर्ग मला दिवसभर तेच कापड ओढताना दिसतो.

तुमचे अनुभव लिहा. फक्त "आमच्या वेळी" अशी सुरुवात करू नका, एवढी विनंती.


निवांत_बाबा | रविवार, दुपारी ४.०२

शब्दाशब्दाशी सहमत. आमचे चिरंजीव सातवीत. वर्गाच्या ग्रुपवर काल "उद्या चित्रकलेची वही आणायची का" या एका प्रश्नावर शंभराच्या वर मेसेज. त्यात स्टिकर, मीम, कोणाचं तरी भांडण, व्हॉइस नोट. उत्तर कुठेच नाही. वही नेलीच नाही, कारण "ग्रुपवर कोणी नक्की सांगितलं नाही". शेजारच्या बाकावरच्याला फोन लावून विचार म्हटलं, तर अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा. "फोन? डायरेक्ट?"


वाचाळवीर | रविवार, सायं. ६.२५

धागा वाचनीय, पण थोडं पाणी ओततो.

एक तर तोंडी परीक्षेत टेबल आम्हीही उचकटायचो. तेव्हा सनमायका नव्हता, नुसतं लाकूड होतं. (झालं, "आमच्या वेळी" आलंच. माफी.) तेराव्या वर्षी परीक्षकासमोर दातखीळ बसणं हा रोग जुना आहे, त्यासाठी चॅनेल लागत नाही.

दुसरं. नव्या साधनाने पोरं बिघडतात ही आरोळी दर पिढीत उठते. (लिहिण्याने स्मरणशक्ती जाईल म्हणणाऱ्या सॉक्रेटिसला आता कोणी बोलावू नका.) एसएमएसच्या जमान्यात हेच चाललं होतं, की लघुरूपं लिहून मुलांची भाषा मातीत जाणार. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या संशोधकांनी २००८-०९ च्या सुमारास दहा-बारा वर्षांची मुलं घेऊन ते तपासलं. जी मुलं अशी रूपं जास्त वापरत होती, ती वाचनात मागे नव्हती. उलट बरी होती. कारण शब्द मोडून लिहायला त्याचा आवाज आधी कानाला नीट कळावा लागतो.

तिसरं. ऑक्सफर्डच्या दोघांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर किशोरांची माहिती पिंजून काढली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो काही फरक पडतो, त्यातला स्क्रीनच्या नावावर टाकता येईल असा भाग फार तर ०.४ टक्के निघाला. तेव्हा वाटोळं वगैरे शब्द जपून वापरू या.


खडूफळा | रविवार, सायं. ७.०५

वाचाळवीर, वाटोळं हा शब्द स्टाफरूमचा, माझा नाही. वाचा परत.

०.४ टक्के मनःस्वास्थ्याबद्दल आहेत. मी विचारतेय संवादाबद्दल. मूल आनंदात असूनही उलटप्रश्नाला गडबडू शकतं.

लघुरूपांचा मुद्दा मान्य. माझी मुलंही रोमन लिपीत मराठी लिहिताना जी शक्कल लढवतात ती बघून मी थक्क होते. "ळ" आणि "ल" साठी त्यांनी आपापसात वेगवेगळी चिन्हं ठरवली आहेत!


पानगळ | रविवार, रात्री ९.४८

वाचा-उपचार हे माझं काम, म्हणून न राहवून लिहिते.

खडूफळाताई, तुम्ही ज्याला "पुढचा क्षण" म्हणालात तो मोजला गेलेला आहे. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग निघालं. पापणी लवते न लवते तेवढ्यात. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं माणसाला शक्यच नसतं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार हे ताडत असतो आणि मागच्या मागे आपलं उत्तर जुळवत असतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी एकाच वेळी. हे कोणी शिकवत नाही, गप्पा मारून मारून अंगात मुरतं. चॅटमध्ये हे ओझंच नाही. उत्तर तीन सेकंदांनी द्या नाहीतर तीन तासांनी, चालतं. ओझं नसलं की ताकद येत नाही, इतकं साधं आहे.

चेहरा वाचण्याबद्दलही एक प्रयोग आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीतल्या पन्नासेक मुलांना पाच दिवस निसर्गशिबिरात नेलं, एकही स्क्रीन नाही. परतल्यावर चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून भावना ओळखण्यात ती शाळेतच राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारली होती. फक्त मला त्यातली एक मेख सांगावीशी वाटते: फोन गेला म्हणून सुधारली, की पाच दिवस अखंड एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहावं लागलं म्हणून? मला दुसरं जास्त पटतं. फोन काढून घेऊन मुलाला खोलीत एकटं बसवलंत तर चेहरे वाचायला शिकणार नाही.

आणि एक विनंती. माझ्याकडे अडखळत बोलणारी मुलं येतात. त्यांच्यासाठी लिहून बोलता येणं ही कृपा आहे. एका मुलीने मला आधी दोन महिने फक्त मेसेज केले, मग व्हॉइस नोट, मग एके दिवशी फोन. तिला पायरी मिळाली. "लिहून दिलं तर चालेल का" हा प्रश्न पळवाट म्हणून ऐकू नका. कधीकधी तो दार ठोठावत असतो.


अर्धविराम | सोमवार, सकाळी ८.१५

पानगळ, प्रतिसाद आवडला.

माझ्या मते संवादाइतकाच लक्षाचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचे आकडे जास्त बोलके आहेत. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय पिसा चाचणी होते, तिच्या २०२२ च्या फेरीत मुलांनाच विचारलं होतं. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटात सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी स्वतःच्या उपकरणामुळे लक्ष उडतं. ५९ टक्के म्हणाली की दुसऱ्याच्या उपकरणामुळे उडतं. मला दुसरा आकडा टोचतो. आपल्या मुलाला फोन न देऊनही शेजारच्या बाकावरचा उजेड त्याच्या डोळ्यांत जाणारच.

शाळेत फोनबंदी केली तर? २०१५ साली इंग्लंडमधल्या ९१ शाळांचे निकाल तपासले गेले. बंदीनंतर गुण वाढले, पण कोणाचे? वर्गात मागे असलेल्यांचे. हुशार मुलांना काही फरक पडला नाही, ती फोन असला काय नि नसला काय, अभ्यास करतातच. आता उलट बाजू. बर्मिंगहॅमच्या अभ्यासात २०२५ मध्ये ३० शाळा घेतल्या, काही बंदीवाल्या, काही मोकळ्या. मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही, कारण शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता. दिवसाचा एकूण वेळ मात्र जिथे जास्त, तिथे झोप आणि वर्गातली वागणूक दोन्ही बिघडलेली. थोडक्यात, शाळेच्या फाटकावर फोन काढून घेऊन पालकांची सुटका नाही.

अवांतर: आपल्याकडच्या असर २०२४ या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची मुलं आहेत. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काहीतरी शिकण्यासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ५७ हा आकडा मला वाटलं होतं त्याहून बराच मोठा निघाला.


दहावी_ब | सोमवार, दुपारी ४.५०

हा आयडी माझाच आहे, आईला माहीत आहे. दहावीत आहे. धागा आईने दाखवला, म्हणाली बघ तुमच्याबद्दल काय काय लिहिलंय.

मॅडम, तुम्ही म्हणता आम्हाला उलटप्रश्न झेलता येत नाही. येतो. मधल्या सुट्टीत या एकदा. वर्गात बोलत नाही त्याचं कारण वेगळं आहे. वर्गात काही चुकलं तर ते तिथे संपत नाही. मागच्या वर्षी आमच्या वर्गात एकीने प्रकट वाचनात एक शब्द भलताच वाचला. संध्याकाळपर्यंत तिच्या आवाजाची क्लिप आणि तिच्या फोटोचा स्टिकर ग्रुपवर. अजूनही कोणी काही चुकलं की तोच स्टिकर येतो. ती आता हात वर करत नाही. मीपण नाही करत. शाळेत फोन आणायला बंदी आहे, तरी क्लिप निघालीच ना.

तुमच्या वेळी चुकलं की लोक हसायचे आणि विसरायचे. आमचं कोणी विसरत नाही. म्हणून आम्ही आधी मनात दहा वेळा वाक्य म्हणतो आणि तोपर्यंत सर पुढे गेलेले असतात. चॅनेलवर पुसता येतं, म्हणून तिथे बोलता येतं. तो मुलगा तुम्हाला घाबरला नसेल, मागे जे बाकीचे नंबर लावून उभे होते त्यांना घाबरला असेल.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर त्रिकोणमिती मला यूट्यूबवरच कळली. सर चांगले आहेत पण त्यांना थांबवून मागे नेता येत नाही.


निवांत_बाबा | सोमवार, सायं. ५.३०

बाळा, टाळ्या. "सरांना थांबवून मागे नेता येत नाही" हे मी ऑफिसात साहेबांबद्दल वापरणार आहे.


वाचाळवीर | सोमवार, सायं. ६.१०

या मुलीचा प्रतिसाद हाच मूळ लेख असायला हवा होता. आपण सगळे "मुलांना येत नाही" यावर अडकलो होतो. येतं, परवडत नाही.


खडूफळा | सोमवार, रात्री ८.४०

दहावी_ब, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. मागे रांग होती हे अगदी खरं. पाच-सहा जण दारातच उभे होते, आणि मी त्यांना तसं उभं केलं होतं, वेळ वाचावा म्हणून. माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझा मुद्दा मी पुरता सोडत नाही. मधल्या सुट्टीत एकमेकांचं झेलता, कारण तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. अनोळखी माणसाला, मोठ्या माणसाला, वेगळं मत असलेल्याला सामोरं जाणं अजून लांब आहे. पण भीतीचा भाग मी लेखात धरलाच नव्हता, आणि तोच जास्त मोठा असावा असं आता वाटतंय.

व्हिडिओबद्दल एकच विचारते, खरं सांग. त्रिकोणमितीचा व्हिडिओ बघितल्यावर तू काय केलंस?


दहावी_ब | सोमवार, रात्री ९.०२

थांबवून थांबवून स्वतः सोडवलं वहीत. मग उत्तर बघितलं. चुकलं होतं. मग परत.


अर्धविराम | सोमवार, रात्री ९.२०

बघा, कापड हिने स्वतः ओढलं. यावर २००६ चा एक गाजलेला प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे बरेच पुढे. वाचणाऱ्यांना मात्र "माझ्या लक्षात राहील" याची खात्री जास्त होती. तेव्हा दोष व्हिडिओत नाही, तो संपल्या संपल्या पुढचा आपोआप सुरू होतो त्यात आहे. वही उघडायला मधे फटच ठेवलेली नसते. यादी न संपता सरकत राहण्याची ती युक्ती २००६ मध्येच निघाली, योगायोग बघा.


तिसरा_बाक | मंगळवार, सकाळी ७.३०

एवढी चर्चा कशाला? ऑस्ट्रेलियाने केलं तसं करा. सोळाच्या आत समाजमाध्यमांवर खातंच नाही. विषय संपला.


अर्धविराम | मंगळवार, सकाळी ८.०५

तो कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. ही बाजू मला आवडते. परिणाम काय होतो ते कळायला काही वर्षं जातील.

एक गंमत मात्र ठाऊक असावी. बहुतेक ॲपवर दिसणारी "वय १३ पूर्ण" ही अट कोणा बालमानसतज्ज्ञाने ठरवलेली नाही. ती अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यातून आली, आणि तो कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करू नये यासाठी होता. आपण मात्र तेरावा वाढदिवस झाला की मूल तयार झालं असं धरून चालतो.


दहावी_ब | मंगळवार, दुपारी ३.४०

आमच्या वर्गात जन्मसाल कोणीच खरं टाकलेलं नाही. ॲपवर मी एकोणतीस वर्षांची आहे.


पानगळ | मंगळवार, रात्री १०.१५

एकोणतीसला मनापासून हसले.

बंदीचं काय व्हायचं ते होवो, घरातलं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. २०१८ साली अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. घरात दिवसभर काय बोललं जातं ते ध्वनिमुद्रित केलं आणि मग गोष्ट ऐकताना मुलांचा मेंदू स्कॅन केला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा, मोठ्यांशी बोलण्याची किती देवाणघेवाण झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. लहानांचा अभ्यास आहे, किशोरांना जसाच्या तसा लावू नये. पण पालक माझ्याकडे येतात, मुलाच्या फोनची तक्रार करतात, आणि मी मुलाशी बोलत असते तेव्हा कोपऱ्यात बसून स्वतः स्क्रोल करतात. हे मात्र रोजचं.


निवांत_बाबा | मंगळवार, रात्री १०.४०

पकडलंत. आज जेवताना मुलाने काहीतरी सांगितलं, मी "हं" म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, मी प्रश्न विचारला होता."


खडूफळा | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, सायं. ५.१५

धागा वर आणतेय.

वर्गात एक गोष्ट सुरू केली. तासाची शेवटची पंधरा मिनिटं, पाच-पाच जणांचे गट. एकाने दोन मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी "छान होतं" न म्हणता प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा. विषय असा, की गटात इतर कोणाला ठाऊक नसेल. आणि दहावी_बमुळे घातलेला नियम: इथलं बाहेर नेलं तर गट मोडतो. हा नियम मुलांनीच कडक करून घेतला, स्टिकरसकट.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. प्रश्न म्हणजे "तुझा आवडता रंग कोणता?" तिसऱ्या दिवशी एकीने धाकट्या भावाच्या ऐकण्याच्या यंत्राबद्दल सांगितलं, तेव्हा प्रश्न थांबेनात. दुसऱ्या गटात एक मुलगा अजूनही बोलत नाही. त्याला पानगळताईंच्या सल्ल्याने लिहून आणायला सांगितलंय, तो चिठ्ठी देतो आणि शेजारचा ती वाचून दाखवतो.

चॅनेलवाला आज बोलला. गेमिंगवर नाही, चॅनेल बंद करावंसं वाटतंय यावर, कारण व्ह्यू कमी झाले की झोप येत नाही. बऱ्याचदा अडखळला. नंतर बाकावरून उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मिस, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत. तुम्हाला काय वाटतं, घरात चणचण असताना त्याने पाकीट का परत केलं?"

वीस वर्षं तो प्रश्न विचारतेय. मला कोणी विचारला नव्हता.


वाचाळवीर | शुक्रवार, सायं. ५.४०

मग? काय सांगितलंत?


खडूफळा | शुक्रवार, सायं. ५.४४

म्हटलं, लिहून दिलं तर चालेल का?